काटा थांबेपर्यंत

निळ्या टोपणाची नळी जतहून आली,
एसटीत ड्रायव्हरच्या पायाशी,
थर्माकोलच्या डब्यात, बर्फाचं पाणी झालेलं.
वर बॉलपेननं: ईश्वरी सिद्राम कोळेकर, वय सव्वा वर्ष.
रक्त रेघेच्या जरासं खाली.
जरासं म्हणजे किती, ते कुणी लिहून पाठवत नाही.
पुन्हा मागवावं, तर सव्वा वर्षाची शीर,
आणि टोचलेलं भोक तीन तीन दिवस ठिबकतं म्हणे.

नेहमीच्या दोन तपासण्या चोख आल्या.
गोठतंय, मशीन म्हणालं, वेळेत गोठतंय.
पण चिठ्ठीत होतं: नाळ पडली तेव्हा
पहिल्या दिवशी काही नाही,
दुसऱ्या रात्री दुपटं भिजलं.
म्हणजे गाठ बसते,
गाठीवर गाठ मारणारं कुणी घरात नाही.

तेरावा घटक, मी फोनवर म्हणाले.
पलीकडे बाप गप्प.
मग म्हणाला, मॅडम, आकडा बदलता येतोय का?
आमच्यात तेराव्याला जेवण घालतात.

रात्री दोन गुठळ्या युरियात ठेवल्या,
शेतात टाकतात तोच, फक्त शुद्ध.
एक तिची, एक माझी,
कारण निरोगी माणूस म्हणून मीच हाताशी होते.
सकाळी सहाला कुलूप काढलं, दिवा न लावता
नळ्या खिडकीकडे धरल्या.
माझी तळाशी तशीच, हट्टी.
तिच्या नळीत नितळ पाणी.

इथवर शंका नव्हती. शंका आकड्यात.
पहिल्यांदा चार पूर्णांक एक.
दुसऱ्यांदा दोन पूर्णांक आठ.
तिसऱ्यांदा पाच पूर्णांक तीन,
आणि खाली मिरजेच्या त्या गल्लीत कुणी
सतारीची तार चढवत होतं, उतरवत होतं, पुन्हा चढवत होतं.
त्याला तरी कानानं कळत असेल, आली.

डॉक्टर नाडगौडा म्हणाले, एकच आकडा द्या.
दोन असतील तर महिन्याच्या महिन्याला औषध.
सहा असतील तर बघू, जपा.

मी लिहिलं: चार, अधिक उणे दोन.
ते चिन्ह मी नेहमी बघत राहते.
अधिक उभं असतं,
पायाखाली उण्याची फळी.
चूक नव्हे ही, नवीन पोराला मी सांगते.
पिपेट थेंबाचं शेपूट मागे सोडते,
आणि दुपारी वीज गेली त्या चाळीस मिनिटांत
फ्रीजरनं काय केलं, ते त्यालाच ठाऊक.
आयर्विन पुलाचं पाणी फुटांत सांगतात,
पण पट्टीपाशी लाट असतेच ना.

सिद्राम रिपोर्ट न्यायला आला.
सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईला आहे,
नखांत हळद, कानाच्या पाळीवर हळद.
वाटलं, आता म्हणेल, नक्की किती ते सांगा की.
म्हणाला, तुमचा काटा केवढ्याचा?
शंभराचा, म्हटलं. पुढेही जातो.
मग त्यानं मान हलवली.
पोत्याच्या काट्यावर एकच हळकुंड ठेवलं
तर काट्याला काय बोल लावायचा?
असतंय ते तिथं. त्याला नीट दिसत नाही.
आम्ही काटा थांबेपर्यंत हात लावत नाही.
थांबला असं म्हणायचं. थांबत नसतोय तो.

हिला आधी कधी रक्त चढवलं होतं? कागद नाही त्याचा.
चढवलं की. जत्रेच्या आधी. का नंतर?
बोटांची पेरं मोजत राहिला,
पुन्हा अंगठ्यापासून सुरू केलं.
मी रिपोर्ट परत घेतला, खाली हातानं लिहिलं:
आधी रक्त दिलेलं, तारीख नक्की नाही,
मूळ पातळी याहून कमी असू शकते.
कमी, त्यानं मोठ्यानं वाचलं.
घडी घालून खिशात ठेवला.

दारातून वळला.
तिचे कान टोचायचे राहिलेत, म्हणाला.
तिच्या मामानं बाळ्या करून ठेवल्यात. राहू देऊ?

राहू द्या, म्हणाले. लगेच म्हणाले.

माझी नळी अजून रॅकमध्ये आहे,
फेकायची राहून गेली.